पुरूला विचारलं तरी होतं

शंकेखोर : तुझ्या या वाईट भविष्याच्या कादंबऱ्यांचा नकाशा आता मला तोंडपाठ झालाय. काचेचा मनोरा, मनोऱ्यात कंपनी, कंपनीचा मालक दीडशे वर्षांचा तरुण, आणि खाली चिखलात आपल्यासारखी माणसं, ज्यांचं रक्त, किडन्या, उरलेली वर्षं वर चढत राहतात. सिनेमातही तेच. ‘इन टाइम’ नावाच्या २०११च्या सिनेमात माणसाच्या हातावर उरलेल्या आयुष्याचं घड्याळ चालतं आणि कॉफीचे पैसे मिनिटांत मोजतात. बघायला मजा येते, नाही कशाला म्हणू? पण शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात बसून हे वाचलं की वाटतं, ही धास्ती आपली नव्हे. ज्यांना सगळं मिळालं आणि मरण तेवढं राहिलं, त्यांना सुचलेली ही गोष्ट आहे. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या वेळी माणूस सरासरी ३२ वर्षांच्या आसपास जगायचा, आता ७०च्या आसपास जगतो. ही वर्षं कुठल्या मनोऱ्यानं दिली नाहीत. देवीची लस, डीडीटीची फवारणी, मीठ-साखर-पाणी, दवाखान्यातली बाळंतपणं यांनी दिली. शिवाय ती कुणाकडनं काढून घेऊन दिली नाहीत. मला लस टोचली म्हणून शेजाऱ्याचं आयुष्य एका दिवसानंही कमी झालं नाही. तुझ्या लेखकांना हा हिशेबच मंजूर नसतो. त्यांच्या जगात एकाचं आयुष्य वाढलं की दुसऱ्याचं घटलंच पाहिजे. आणि हा काही विलायती शोध नाही. चांगदेवांनी चौदाशे वर्षं काढली म्हणतात, पण स्वतःच्या योगबळावर. त्यांच्या गर्वाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिलं. त्यांच्यावर चोरीचा आरोप कुणी केला नाही.

वाचनवेडा : अण्णा, लसीचं मान्य. पण तुम्ही घेतलेल्या नावांतल्या बहुतेक गोष्टी सरकारी पैशातनं घरोघर पोचल्या. हाफकिननं १८९७ साली मुंबईत प्लेगची लस केली, आधी स्वतःला टोचून घेतली, आणि परळची त्याच्या नावाची संस्था आजही सरकारी आहे. या कादंबऱ्या त्याच्या पुढचं विचारतात. आयुष्य वाढवणारी वस्तू एखाद्याच्या मालकीची झाली तर काय? एप्रिल २०२१ आठवा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड केंद्र सरकारला १५० रुपये, राज्यांना आधी ४०० आणि ओरड झाल्यावर ३००, खासगी दवाखान्यांना ६००. कारखाना एक, बाटली एक, दर तीन. आणि धास्ती परकी आहे म्हणता, तर मंजुला पद्मनाभन यांचं ‘हार्वेस्ट’ हे नाटक घ्या. इंग्रजीत आहे, पण घडतं मुंबईच्या एका खोलीत. १९९७ साली लिहिलेलं, काळ २०१०चा, म्हणजे तेव्हाचं भविष्य. त्याला ग्रीसमधलं ओनासिस पारितोषिक मिळालं, गोविंद निहलानींनी त्यावर ‘देहम’ हा सिनेमा २००१मध्ये काढला. नोकरी गेलेला ओम एका कंपनीबरोबर करार करतो. अमेरिकेतली एक श्रीमंत बाई त्याचे अवयव हवे तेव्हा घेणार, बदल्यात घरात स्वच्छ अन्न, संडास-न्हाणी, पैसा. सगळं कुटुंब कंपनीच्या पाळतीखाली येतं. काय खायचं, कुणाला भेटायचं, कधी हसायचं, हे छताला टांगलेल्या पडद्यावरून एक गोरी सुंदर बाई सांगते. लग्न झालंय हे ओमनं लपवलेलं असतं, म्हणून स्वतःच्या बायकोला त्याला बहीण म्हणावं लागतं. अण्णा, चाळीतली खोली आणि त्यातली लाज ज्यानं बघितली नाही त्याला हे सुचणार नाही.

शंकेखोर : नाटक चांगलं असेल. पण तुझं नाटक १९९७चं. अवयवांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा १९९४चा, आणि तो सुरुवातीलाच स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. हा कायदा का करावा लागला? त्याआधी मुंबई-मद्रासेत किडन्यांचा उघड बाजार होता म्हणून. त्या बाजारात तुझा मनोरा कुठेच नव्हता. दलाल होता, कर्जबाजारी माणूस होता, डोळेझाक करणारा डॉक्टर होता आणि हातात पैसे घेऊन बसलेला रुग्णाचा भाऊ होता. सगळे एकाच शहरातले. कथालेखकाला एक कंपनी उभी केली की बरं पडतं. एकदा खलनायकाचं नाव पाटीवर आलं की दलालाला, भावाला, डॉक्टरला प्रश्न विचारायची गरज राहत नाही. आणि कंपनी म्हणजे राक्षसच, हे तरी कुठनं आलं? सिप्ला ही मुंबईची कंपनी, १९३५मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी काढलेली. २००१ साली त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी एड्सवरची तिहेरी औषधं माणशी वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत त्यानं किती माणसं जगली असतील, याचा हिशेब तुझ्या कुठल्या कादंबरीत आहे?

वाचनवेडा : सिप्लाला ते करता आलं कारण १९७०च्या आपल्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर मालकीच मान्य केली नव्हती, बनवण्याची रीत तेवढी कुणाच्या नावावर होऊ शकत होती. २००५मध्ये जागतिक व्यापाराच्या करारापायी ते बदललं. तरी आपल्या खासदारांनी त्यात एक खुंटी मारून ठेवली, कलम ३(ड). जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवं पेटंट मागितलं तर ते मिळायचं नाही, गुण वाढला असेल तरच मिळेल. नोव्हार्टिसचं रक्ताच्या कर्करोगावरचं ग्लिवेक याच कलमाशी जाऊन अडलं. महिन्याला लाख-सव्वा लाखाचं औषध, तेच भारतीय कंपन्या आठ-दहा हजारांत द्यायच्या. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसला नकार दिला. पुढे क्षयाच्या बेडाक्विलिनचं तसंच झालं. जॉन्सन अँड जॉन्सनला पेटंट २०२३च्या पुढे आणखी चार वर्षं ताणून हवं होतं. दोन बायकांनी हरकत घेतली, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघीही क्षयातनं उठलेल्या, आणि जुन्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. आता तुम्हीच बघा, एका रेणूच्या क्षारावर चार वर्षांची मालकी, आणि त्या चार वर्षांत कोण जगणार नि कोण नाही हे त्यावर ठरणार. ही विज्ञानकथा नाही तर काय?

शंकेखोर : वा! म्हणजे माझं काम तूच केलंस. ग्लिवेक अडवलं ते कलम ३(ड)नं. बेडाक्विलिन अडवलं ते दोन बायकांच्या हरकतीनं, क्षाराच्या रसायनशास्त्रानं आणि चार वर्षं चिकटून राहिलेल्या वकिलांनी. तुझ्या एकाही कादंबरीचा त्याला हात लागला नाही. उलट मी म्हणेन, या गोष्टी वाचून वाचून माणूस हातपाय गाळून बसतो. कंपनी सर्वशक्तिमान, सरकार तिच्या खिशात, शेवट अंधार. ज्याला सुरुवातीपासून कळलंय की मनोरा पडणार नाही, तो हरकतीचा अर्ज कशाला लिहील? कायद्याची भाषा रुक्ष असते, पण ती कामाची असते. आपल्या मराठी विज्ञानकथेनं हा हताशपणा फारसा उचलला नाही, याचं मला बरंच वाटतं. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. त्यांच्या कथांत पृथ्वीवर संकटं येतात, पण बुद्धी चालवली तर वाट निघते. कंपनीच्या नावानं रडारड नाही.

वाचनवेडा : नारळीकरांबद्दल मला आदर आहे, पण त्या परंपरेला पैशाचा वास कमी येतो असं मला वाटत आलंय. तिथं शास्त्रज्ञ असतो, कधी राजकारणी असतो. वसुली अधिकारी क्वचितच. असो. हताशपणाचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण गोष्टीनं अर्ज लिहावा अशी अपेक्षा मी करत नाही. अर्ज लिहिण्याआधी कुणाला तरी खुपावं लागतं, आणि नेमकं काय खुपतंय हे कळावं लागतं. त्यासाठी मी परकी कादंबरी घेत नाही, कोल्हापुरात राहिलेल्या माणसाची घेतो. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’, १९५९ची. १९७४चं ज्ञानपीठ ज्यांना मिळालं ते हेच खांडेकर. आपण शाळेपासून ती भोगाच्या हव्यासाची कादंबरी म्हणून शिकलो. मला ती आता वेगळीच दिसते. ययातीला म्हातारपणाचा शाप मिळतो आणि त्यातनं सुटायची एकच वाट असते, ते म्हातारपण दुसऱ्या कुणी घ्यायचं. म्हणजे आयुष्य वाढवण्याचं तंत्र सापडलंय, पण ते देणाऱ्याच्या अंगातनं जातं. मग २०२३मध्ये ब्रायन जॉन्सन नावाच्या अमेरिकी उद्योजकानं काय केलं बघा. मरायचंच नाही असा ज्याचा कार्यक्रम आहे, तोच हा. त्यानं आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा रक्तद्रव स्वतःच्या शरीरात घेतला, आणि स्वतःचा सत्तरीच्या बापाला दिला. नंतर फायदा दिसत नाही म्हणून थांबला. त्याआधी अॅम्ब्रोसिया नावाची कंपनी तरुणांचा रक्तद्रव लिटरला ८ हजार डॉलरनं विकत होती. २०१९च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, याचा काही उपयोग सिद्ध झालेला नाही, असं लोकांना बजावलं. तेव्हा कुठे कंपनीनं ते थांबवलं. आता ययाती आणि अॅम्ब्रोसिया शेजारी ठेवा. ययाती पुरूसमोर उभा राहिला. बापाला मुलाच्या तोंडाकडे बघून मागावं लागलं. मूळ महाभारतात आधीच्या चार मुलांनी नकार दिला, तोही त्याला ऐकावा लागला. पुरूला विचारलं तरी होतं, अण्णा. त्या लिटरभर द्रवावर रक्त देणाऱ्या पोराचं नाव नव्हतं, आणि घेणाऱ्याला त्याच्या दारात जावं लागलं नाही. कंपनी विकते ती मुख्यतः ही सोय. रक्त कुठेही मिळतं. आणि ‘हार्वेस्ट’चा शेवटही तिथंच येतो. सगळे संपल्यावर ओमची बायको जया एकटी उरते, आणि पडद्यावरच्या बाईच्या रूपाआड लपलेल्या, मरण चुकवणाऱ्या खऱ्या गिऱ्हाइकाला सांगते, की मी हवी असेन तर स्वतः, सदेह, माझ्या दारात ये.

(ययातीवरनं मध्येच जयावर येणं ही उडी मोठी आहे, पण वाचनवेड्यानं ती मारली आणि शंकेखोरानं तिथं अडवलं नाही. अडवलं ते वेगळ्याच ठिकाणी.)

शंकेखोर : विचारलं होतं, बरोबर. पण नकार दिलेल्या चौघांचं काय झालं ते तू गिळलंस. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू, चौघांनाही बापाचे शाप. गादी गेली. ज्यानं हो म्हटलं तो राजा झाला. हे विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, ही निविदा आहे. आणि समोरासमोर मागितलं की अन्याय टळतो, हे तुला कुणी सांगितलं? आपल्या भागात अडवणूक समोरासमोरच होत आली. सावकार दारात येऊनच बसायचा.

वाचनवेडा : मग समोरासमोर काय चालतं ते सांगतो. कोल्हापूर-सांगलीचा ऊस तोडायला बीडकडनं माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडनं उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड कापतात. पाळी आली, अंग दुखलं, तरी खाडा तो खाडाच. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातलं जे बाहेर आलं ते तुम्हाला माहीत आहे. तीन वर्षांत ९९ खासगी दवाखान्यांत मिळून ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, हा आकडा विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी दिला. त्या बायका सगळ्याच ऊसतोड कामगार नव्हत्या, आणि सगळ्याच शस्त्रक्रिया खाड्याच्या भीतीनं झाल्या असंही नाही. पण तरण्या बायकांनी, पुन्हा कटकट नको म्हणून, पिशवी काढून टाकल्याचं सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. आता ही गोष्ट मी एखाद्या परदेशी संपादकाला कादंबरी म्हणून पाठवली असती, तर त्यानं ती छान भयकथा म्हणून छापली असती. कामाचे दिवस बुडू नयेत म्हणून शरीराचा भाग काढणं, तेही उचल घेतलेल्या माणसानं. ‘हार्वेस्ट’मधला करार याहून फार वेगळा नाही.

शंकेखोर : आहे, बराच वेगळा आहे, आणि म्हणूनच तुझी गोष्ट इथं पांगळी पडते. सांग, या गोष्टीत कंपनी कोण? कारखाना सहकारी. सभासद म्हणजे मी, तू, आपले पाहुणे. खासगी भांडवलाच्या दावणीला जायचं नाही म्हणून १९५०नंतर सहकाराचे प्रवर्तक विखे, गाडगीळ यांच्या वाटेनं जाऊन आपल्या बापजाद्यांनी हे कारखाने उभे केले. आजही मुकादमाला कारखान्याकडनं पैसे जातात, मुकादम तोडकऱ्याला देतो, कागदोपत्री तोडकरी कारखान्याचा कुणीच नाही. मग त्या ४,६०५ मध्ये जी ऊसतोडीची बाई असेल, तिच्या दारात कुणी जाऊन उभं राहायचं? अमेरिकेतली बाई? चहात साखर घालणारा? सभासद म्हणून ऊसदराच्या आंदोलनात पुढं बसणारा मी? टनाला शंभर रुपये जास्त मिळावेत म्हणून आपण रस्ता अडवतो, आणि तोडणीचा दर वाढला की तोंड वाकडं करतो. तुझ्या विज्ञानकथेत घेणारा नेहमी लांबचा असतो. त्यामुळं वाचकाला आपण देणाऱ्याच्या बाजूला आहोत असं वाटत राहतं. वाचकाला इतकं निर्दोष ठेवणारा साहित्यप्रकार मला संशयास्पद वाटतो.

वाचनवेडा : हे मला लागलं. पण मग तुमच्याच जंगलातलं घेतो, तिथं तरी घेणारा लांबचा होता. नरक्या.

शंकेखोर : बोल. नरक्या मला तुझ्याआधीपासून माहीत आहे. तोडल्यावर घाण वास मारतो ते झाड. म्हणून घाणेरा म्हणतात आणि जुन्या शास्त्रीय नावातही तोच वास होता.

वाचनवेडा : तेच. घाटमाथ्यावरच्या दाट सावलीत वाढणारं लहानसं झाड. त्याची हकिकत नंदुरबारपासून सुरू होते. मनसुख वाणी हे १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबईत शिकले आणि अमेरिकेत गेले. १९६६मध्ये त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी एका चिनी झाडातनं कॅम्प्टोथेसिन हा कर्करोगावर चालणारा रेणू वेगळा केला. पुढे १९७१मध्ये टॅक्सॉलची रचनाही याच जोडीनं मांडली. १९७२मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांना तोच कॅम्प्टोथेसिन आपल्या घाटातल्या नरक्यात भरपूर सापडला. त्यापासून दोन औषधं झाली. टोपोटेकन बीजकोशाच्या कर्करोगावर आणि इरिनोटेकन मोठ्या आतड्याच्या. इरिनोटेकन शोधलं जपानच्या याकुल्टनं, तीच ती छोट्या बाटलीतनं आंबट दूध विकणारी कंपनी. १९९६मध्ये अमेरिकेत दोन्हींना परवानगी मिळाली. हा रेणू कारखान्यात पहिल्यापासून बनवणं महाग, म्हणून कच्चा माल झाडातनंच हवा. मग कोल्हापूर, सिंधुदुर्ग, साताऱ्याच्या घाटमाथ्यावर रात्री कुऱ्हाडी चालल्या. झाड नुसतं छाटत नाहीत. मुळातही माल असतो म्हणून उपटून, तुकडे करून, पोत्यात भरून नेतात. तोडणाऱ्याच्या हातात किलोमागे मोजके रुपये. पुढं व्यापारी, पुढं अर्क काढणारा, पुढं निर्यात. पकडला जातो तो पहिला, आणि वनखात्याच्या गुन्ह्यात नावही त्याचंच. शेवटच्या टोकाला कुणाचं तरी आयुष्य काही महिने, काही वर्षं वाढतं. तुमची देवीची लस यात बसत नाही, अण्णा. इथं एकाची वर्षं खरोखर दुसरीकडनं येतात. तुम्ही म्हणाल झाड म्हणजे माणूस नव्हे. पण तोडणारा माणूसच आहे, त्याच्यावर खटला चालतो, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो त्याच्या दारात कधी येत नाही.

शंकेखोर : आता माझं ऐक. तोडणारा कोण असतो? माणोली, आंबा, येळवण जुगाईच्या अंगाची माणसं. ज्यांचे बाप मुंबईला गिरणीत गेले आणि गिरण्या बसल्यावर परत आले, ज्यांच्या हलक्या जमिनीत नाचणीशिवाय काही पिकत नाही. आणि बीजकोशाचा कर्करोग कुणाला होतो? त्याच घरातल्या बाईला होतो. ती उशिरा दाखवते, मलकापूरहून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर कोल्हापूर गाठते, सीपीआर या सरकारी रुग्णालयात रांगेत बसते, जनआरोग्य योजनेचं कार्ड पुढं करते. पहिल्या औषधांनी गुण आला नाही तर तिला टोपोटेकन लिहून देतात. आज त्या औषधाचं पेटंट संपलंय, भारतीय कंपन्या ते बनवतात, म्हणून तर ते तिच्यापर्यंत पोचू शकतं. म्हणजे नवऱ्यानं पोत्यात भरलेलं झाड फिरून बायकोच्या शिरेत. असं प्रत्यक्ष घडलेलं एक घर मला दाखवता येणार नाही, पण न घडण्यासारखं त्यात काय आहे? तुझी जया म्हणते माझ्या दारात ये. इथं येणारा आणि दार उघडणारा एकाच घरचे निघाले तर ती काय म्हणेल? तुझ्या सगळ्या गोष्टींत देणारा गरीब जगातला आणि घेणारा श्रीमंत जगातला, मधे समुद्र. त्यामुळं नकार सोपा असतो. टाळ्याही मिळतात. इथं जंगल म्हणालं, झाड देत नाही, तर कोल्हापुरातली एक खाट रिकामी राहील किंवा लवकर रिकामी होईल. तुला कुठला शेवट हवाय?

वाचनवेडा : मला शेवट नको आहे. मी एवढंच म्हणतो, की त्या बाईची गरज पुढं करून कंपनी आणि व्यापारी पाठीमागं लपू नयेत. तिच्या औषधासाठी झाड लागतं हे खरं. पण ते रात्री, चोरून, मुळासकट आणि मातीमोल भावानंच यायला हवं, हे कुठं लिहिलंय? लागवड करता येते. भाव ठरवता येतो. गावाला विचारता येतं. तुम्हाला कायदा आवडतो, म्हणून कायदाच घ्या. २००२चा जैवविविधता कायदा. प्रत्येक गावात, नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती, तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायची, आणि कंपनीनं जंगलातलं काही वापरलं तर लाभातला वाटा द्यायचा. या कायद्याच्या आखणीत पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचा हात होता. आणि २०१८मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं दिव्य फार्मसीला सांगितलं, की देशी कंपन्यांनाही वाटा चुकवता येणार नाही. पुरूला विचारण्याची सरकारी व्यवस्था म्हणा हवं तर.

शंकेखोर : वाटा किती ते सांगितलं नाहीस. २०१४च्या नियमावलीत तो वस्तूच्या वार्षिक विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के होता. ययातीनं पुरूला तारुण्याच्या बदल्यात राज्य दिलं होतं. आणि २०२३च्या दुरुस्तीनं त्यातही ढील दिली. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सूट, वैद्यांना सूट, तुरुंगाच्या जागी दंड. म्हणजे तू म्हणतोस तशी लागवड झाली, की वाट्यातनंही बाहेर. झाड वाचेल, डोंगरातल्या माणसाचा संबंधच संपेल. नरक्या मग एखाद्या मोठ्या बागायतदाराच्या शेतात, ठिबकवर.

वाचनवेडा : तेच तर! झाड वाचलं, बाईला औषध मिळालं, आणि तरी काहीतरी चुकलं असं तुम्हाला आत्ता वाटलं की नाही? तुमच्या सगळ्या हिशेबात सगळ्यांचं भलं झालं. तरी चुकलं. कारण ज्याला विचारायचं तो वगळला गेला. मला वाटतं या वाईट भविष्याच्या गोष्टी एवढंच करतात. हिशेब जुळला तरी कुठं बोचतंय ते दाखवतात. गुगलनं २०१३मध्ये कॅलिको काढली, २०२२मध्ये आल्टोस लॅब्ज ३ अब्ज डॉलर घेऊन उभी राहिली. पेशींना पुन्हा तरुण करायचं म्हणतात. जमलं तर ते चांगलंच होईल, मी विरोध करणार नाही. मला म्हातारी आई आहे. पण त्या पेशी, ते रक्त, त्या चाचण्यांसाठी पुढं येणारी शरीरं कुठल्या डोंगरातनं जातील आणि त्यांना कुणी विचारलेलं असेल, हे मी त्यांच्या जाहिरातीत शोधणार.

शंकेखोर : शोध. पण कायद्यात तरी विचारतात का ते बघ. जैवविविधता कायद्याचं कलम ४१ म्हणतं, राष्ट्रीय प्राधिकरणानं आणि राज्य मंडळानं स्थानिक समितीशी सल्लामसलत करावी. संमती घ्यावी असं म्हणत नाही. पुरूशी सल्लामसलत करून त्याचं तारुण्य घ्यायचं ठरवलं असतं, तर व्यासांना तो प्रसंग दोन श्लोकांत उरकता आला असता.



वाचनवेडा : मग संमती घालू त्यात. नकाराचा हक्क गावाला देऊ.

शंकेखोर : देऊ. मग तो वापरणार कोण? २००४च्या नियमांप्रमाणे समितीत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा जण असायचे. त्यातल्या किमान एक तृतीयांश बायका. सीपीआरच्या रांगेतली बाई तिथं कोण म्हणून बसणार? रुग्ण म्हणून कुणाला खुर्ची नाही. तुझ्या नकाराचा सगळ्यात मोठा परिणाम जिच्यावर होणार, ती सभेला नाहीच. आणि तिला खुर्ची दिली, तर तिच्या तोंडावर, झाड देणार नाही, असं कुठला सदस्य म्हणेल? तिला बघून सगळे हो म्हणतील, आणि त्या होकारावर व्यापारी पोती भरेल.

वाचनवेडा : व्यापाऱ्याला खुर्ची आहे, अण्णा. समितीत कुणाला घ्यावं याच्या मार्गदर्शक सूचना मी वाचल्या आहेत. वैदू, शेतकरी, मच्छीमार वगैरे. त्यात वनोपज गोळा करणारा आणि वनोपजाचा व्यापारी हे दोघं एकाच ओळीत आहेत, मधे एक तिरकी रेघ. दोघांतला कुणीही एक चालेल.

शंकेखोर : शाहूवाडीत कोण जाऊन बसेल, हे तुला सांगायला नको.

वाचनवेडा : नको. पण ती रेघ काढून टाकायची मागणी तरी करता येईल की.

शंकेखोर : करता येईल. अर्ज तू लिही, सही मी करतो. फक्त तोडणारा त्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, मला नकार द्यायचा नाही, मला किलोला जास्त भाव हवाय, तर त्याला तुझं नाटक वाचून दाखवू नकोस.